भूविज्ञान कसे शिकवावे व कसे शिकावे
(मंडळाच्या वार्षिक स्नेहसंमेलनात दिलेले व्याख्यान)



प्रतिवर्षी या व्यासपीठावरून विद्वान वक्त्यांची व्याख्याने होत असतात. यंदा ते काम चिटणीसांनी माझ्यावर सोपविले, तेव्हा प्रथम मला संकोच वाटला. माझे शिक्षण १९७५ सालच्या एस. एस. सी. पर्यंतचे, म्हणजे आपल्या वडीलधाऱ्यांच्या भाषेत मी केवळ मॅट्रिक. पुढे अध्यापनाची पदविका घेतली आणि जवळजवळ एकोणचाळीस वर्षे प्राथमिक शाळेत मुले शिकविली. अशा माणसाने महाविद्यालयीन शिक्षणावर बोलावे, हा धीटपणाच होय. परंतु शिकविणे हा माझा जन्माचा व्यवसाय आहे, आणि आपले शिकविणे मुलांच्या डोक्यात खरोखर उतरते की नाही ही चिंता प्राथमिक शिक्षकाला असते तितकीच प्राध्यापकालाही असावी लागते. त्या एका नात्याने मी आपल्यापुढे उभा आहे.

विषयाचे मूळ माझ्या बालपणात आहे. ११ डिसेंबर १९६७ च्या भल्या पहाटे कोयनेचा भूकंप झाला, तेव्हा मी सातारा जिल्ह्यातील एका खेड्यात तिसरीत शिकत होतो. कौले खळखळली, फळीवरची भांडी खाली आली, आणि वडिलांनी आम्हां भावंडांना उचलून अंगणात नेले. आजी म्हणाली, "शेषाने मस्तक हलविले." दुसऱ्या दिवशी गुरुजींनी सांगितले की, पृथ्वीच्या पोटात तप्त रस भरलेला आहे, तो उसळला म्हणजे धरणी हलते. आजीचे म्हणणे मी सोडून दिले आणि गुरुजींचे मनात धरले. पुढे मी स्वतः गुरुजी झालो, आणि हातात उकडलेले अंडे घेऊन पिढ्यान्‌पिढ्या मुलांना तेच शिकविले: वर पातळ कवच, खाली सगळा उकळता रस, आणि त्यावर तरंगणारी जमीन.

हे चूक आहे, हे मला निवृत्तीनंतर कळले. सांगितले कोणी, तर माझ्या धाकट्या बंधूंच्या कन्येने. ती भूविज्ञान घेऊन बी. एस्‌सी. झाली आणि पुढे एम्‌. एस्‌सी. करीत असताना याच विषयाच्या अध्यापनासंबंधी देशोदेशी झालेले संशोधन तिने अभ्यासाला घेतले. सुट्टीत घरी आली की ती मला ते निबंध मराठीत समजावून सांगे. आज मी जे सांगणार आहे ते तिच्या तोंडून ऐकलेले आणि माझ्या अनुभवाच्या कसोटीवर घासून पाहिलेले आहे.

"काका," ती म्हणाली, "भूकंपाच्या लहरी दोन प्रकारच्या. त्यांपैकी एक प्रकार द्रवातून जातच नाही. पण कवचाखालच्या प्रावरणातून, जवळजवळ २९०० किलोमीटर खोलीपर्यंत, तो आरपार जातो. मग ते प्रावरण रस कसे असेल?" मी निरुत्तर झालो. प्रावरण हा घन खडक आहे. हिमनदीचे बर्फ घन असूनही जसे सरकते, तसा तो लक्षावधी वर्षांच्या हिशेबाने अतिशय मंद वाहतो. वितळलेला रस तयार होतो तो काही विशिष्ट ठिकाणीच. द्रव आहे तो त्याच्याही खालचा बाह्य गाभा. पृथ्वीला असा निराळा गाभा आहे हे लहरींच्या आधारे १९०६ साली दाखवून दिले ते रिचर्ड ओल्डहॅम यांनी. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण खात्यात नोकरी करून १८९७ च्या आसाम भूकंपाचा अभ्यास करणारे हेच ते गृहस्थ. गाभ्याच्या आतला भाग पुन्हा घन असल्याचे १९३६ साली इंगे लेमान या डॅनिश विदुषीने दाखविले. आणि कोयनेचा भूकंप? तो खडकातील भेगेवर साचलेला ताण सुटल्याने झाला. शिवाजीसागर जलाशयात पाणी साठू लागल्यावर त्या भागात धक्के जाणवू लागले, आणि जलाशयाशी निगडित भूकंपांचे ठळक उदाहरण म्हणून कोयनेचे नाव आज जगभरच्या ग्रंथांत आहे. माझ्या जिल्ह्याचे उदाहरण जगाने अभ्यासले आणि मी मात्र वर्गात अंडे कापीत बसलो! असो.

मला समाधान एवढेच की, या चुकीत मी एकटा नाही. अमेरिकेत भूविज्ञान शिकविणाऱ्यांची संघटना १९३८ साली निघाली आणि १९५१ पासून तिचे नियतकालिक प्रसिद्ध होत आहे. आरंभी त्यात "मी हा धडा असा शिकवितो" अशा धर्तीचे लेख असत. पुढे प्रश्न पालटला. शिक्षकाने काय शिकविले यापेक्षा विद्यार्थ्याच्या मनात काय उरले, याचा शोध सुरू झाला. ज्यूली लिबार्किन आणि स्टीव्हन अँडरसन यांनी महाविद्यालयीन विद्यार्थ्यांच्या मुलाखती घेतल्या, त्यांच्या मनातील कल्पना त्यांच्याच शब्दांत टिपून घेतल्या आणि त्यांतून एक प्रश्नावली सिद्ध केली. तिच्यातील चुकीचे पर्याय परीक्षकाने कल्पनेने रचलेले नव्हते. ते विद्यार्थ्यांनीच मुलाखतींत सांगितलेले होते. ही प्रश्नावली त्यांनी ४३ अभ्यासक्रमांतील सुमारे २५०० विद्यार्थ्यांना सत्राच्या आरंभी दिली, त्यांतील बऱ्याच वर्गांत सत्राच्या शेवटी पुन्हा दिली, आणि निष्कर्ष २००५ साली प्रसिद्ध केला. पूर्ण सत्र शिकूनही विद्यार्थ्यांच्या समजुतींत पडलेला फरक फार थोडा होता. ज्या चुकीच्या कल्पना घेऊन ते वर्गात आले, त्यांतील पुष्कळशा घेऊनच ते बाहेर पडले.

यातून आम्हां शिक्षकांनी काय घ्यावे? विद्यार्थ्याचे मन ही कोरी पाटी नाही. तिच्यावर आधीच काही लिहिलेले असते, आणि ते न वाचता आपण त्यावर लिहू लागलो तर दोन्ही अक्षरे एकमेकांत मिसळून जातात. आधी विचारावे, ऐकावे, मग शिकवावे.

भूविज्ञान शिकताना विशेष अडचणी येतात त्या तीन: काळाची, अवकाशाची आणि स्थळाची. त्यांचा क्रमाने विचार करू.

पहिली अडचण काळाची. पृथ्वीचे वय सुमारे ४५४ कोटी वर्षे आहे, हे वाक्य विद्यार्थी पाठ करतो, परंतु हा आकडा त्याच्या मनात मावत नाही. डायनोसॉर आणि मनुष्य एकाच काळी होते असे मानणारे पदवीधरही आढळतात. इस्रायलमधील जेफ डॉडिक व नीर ओरियन यांनी या काळबुद्धीचा बारकाईने अभ्यास केला. आधी काय आणि नंतर काय हा क्रम लावणे ही एक शक्ती, आणि दोन घटनांमध्ये किती काळ गेला याचे भान असणे ही दुसरी. दोन्ही स्वतंत्रपणे शिकवाव्या लागतात.

आज सकाळी बालगोपाळांनी या सभागृहाच्या आवारात सुतळी ताणलेली आपण पाहिली असेल. ती आपल्याच पुतणीच्या सूचनेवरून. सुतळीची लांबी ४५ मीटर ४० सेंटिमीटर, आणि एक मीटर म्हणजे दहा कोटी वर्षे. आपला सह्याद्री ज्या लाव्हाच्या थरांनी घडला, ते थर सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचे. त्यांची खूण शेवटच्या टोकापासून अवघ्या ६५ सेंटिमीटरवर आली. हिमालयाची उभारणी तर त्याच्याही अलीकडे, अर्ध्या मीटरच्या आसपास. हिमालय आपल्या सह्याद्रीच्या खडकांहून धाकटा आहे, हे ऐकून अनेक वडीलधाऱ्यांनी भुवया उंचावल्या. आपली मनुष्यजात सुमारे तीन लाख वर्षांची, म्हणजे तीन मिलिमीटर. आणि १६७४ साली रायगडावर झालेला राज्याभिषेक? तो सुतळीच्या शेवटच्या धाग्याच्या टोकाहूनही सूक्ष्म. एका सहा वर्षांच्या मुलाने मला विचारले, "आजोबा, मग आपण कुठे आहोत?" चाळीस वर्षांत माझ्या वर्गात इतका चांगला प्रश्न क्वचितच आला, कारण मी सुतळी कधी ताणलीच नव्हती.

दुसरी अडचण अवकाशाची. भूवैज्ञानिकाला जमिनीचा पृष्ठभाग पाहून आतील रचना ओळखावी लागते. आमच्या गृहिणींना हे सोपे जावे. अळूवडीचा उंडा आडवा कापला तर चक्राकार वेटोळी दिसतात, उभा कापला तर लांब पट्टे दिसतात, आणि तिरपा कापला तर त्या दोहोंहून निराळीच आकृती. वस्तू एकच, परंतु छेद पालटला की रूप पालटते. खडकांच्या घड्यांचेही तसेच आहे. याएल काली व नीर ओरियन यांनी १९९६ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात माध्यमिक शाळेच्या विद्यार्थ्यांना खडकांच्या ठोकळ्यांची चित्रे देऊन आतील छेद काढावयास सांगितले. काहींनी वस्तूच्या आत मनाने शिरून बरोबर छेद काढला. पुष्कळांनी मात्र बाहेरच्या बाजूस दिसणारे पट्टेच आत उतरवून ठेवले. महाविद्यालयांतील विद्यार्थ्यांतही या बाबतीत मोठी तफावत आढळते. परंतु आशेची गोष्ट अशी की, ही दृष्टी पुढे झालेल्या अभ्यासांनुसार सरावाने वाढते. "आमच्या मुलीला आकृत्या समजत नाहीत, तिचा तो पिंडच नाही," असे म्हणणाऱ्या पालकांनी हे ध्यानात ठेवावे. जे सरावाने येते त्याला पिंडाचे नाव देऊ नये.

तिसरी अडचण स्थळाची, आणि येथे मला माझ्या घरची एक गोष्ट सांगितली पाहिजे.

पुतणी बी. एस्‌सी.च्या दुसऱ्या वर्षाला असताना तिच्या वर्गाची आठ दिवसांची क्षेत्रभेट निघाली. मुलगी परगावी राहणार, डोंगरदऱ्या हिंडणार, सोबत मुले असणार, आणि वर खर्च. बंधूंनी माझा सल्ला विचारला. मी घरातला शिक्षक! मी म्हणालो, "दगड पाहायला आठ दिवस कशाला हवेत? पुस्तकात चित्रे आहेत. गुण बुडणार नाहीत, एवढे पाहावे म्हणजे झाले." ती गेली नाही. रडलीही नाही. गुण बुडाले नाहीत, उलट लेखी परीक्षेत ते चांगले पडले, आणि याच मंडळाच्या गुणगौरव समारंभात तिला पारितोषिक मिळाले. मी पहिल्या रांगेत बसून टाळ्या वाजविल्या.

पुढच्या वर्षी मात्र तिने हट्ट धरला आणि ती गेली. परत आल्यावर मला घेऊन ती आमच्या जवळच्या घाटात गेली. काळ्या कातळाच्या दोन थरांमध्ये तांबड्या मातीचा हातभर पट्टा होता. त्या रस्त्याने मी आयुष्यभर एस. टी. ने गेलो असेन, पण तो पट्टा मला कधी दिसला नव्हता. ती म्हणाली, "काका, खालचा लाव्हा थंड झाला, त्याची झीज होऊन माती झाली, मग त्यावर पुढचा लाव्हा आला. हा पट्टा म्हणजे मधला काळ. गेल्या वर्षी परीक्षेत यावर मी उत्तर लिहिले होते आणि पूर्ण गुण मिळाले होते. पण मी काय लिहिले होते ते मला येथे उभी राहिल्यावर समजले."

बंधुभगिनींनो, ज्या गुणांसाठी आपण तिचा सत्कार केला, ते गुण न समजता मिळालेले होते. त्यात दोष तिचा नव्हता. तो माझा होता.

या प्रश्नावर झालेले संशोधन मोलाचे आहे. इस्रायलच्या वाइझमान विज्ञानसंस्थेतील नीर ओरियन यांनी अवी हॉफस्टाइन यांच्यासह १९९४ साली माध्यमिक शाळांच्या क्षेत्रभेटींवरील अभ्यास प्रसिद्ध केला. विद्यार्थी बाहेर गेला म्हणजे आपोआप शिकतो असे नाही, हे त्यांनी दाखविले. नवखेपणाचे तीन प्रकार त्याला अडवितात: विषयाचा, स्थळाचा आणि मनाचा. जेथे जावयाचे ते ठिकाण कसे आहे, तेथे काय काय दिसेल, किती चालावे लागेल, जेवणाची व निवासाची सोय काय, हे आधी सांगितले, खडकांचे नमुने वर्गात आधी हाताळले, म्हणजे हा नवखेपणा ओसरतो आणि तेथे गेल्यावर लक्ष शिकण्याकडे लागते. शिवाय भेट अभ्यासक्रमाच्या शेवटी सहल म्हणून न ठेवता आरंभाच्या सुमारास ठेवावी, म्हणजे पुढील अमूर्त कल्पनांना डोळ्यांनी पाहिलेल्या वस्तूचा आधार मिळतो, असे त्यांचे प्रतिपादन आहे. अमेरिकेतील एका विद्यापीठाने तर प्राथमिक भूविज्ञानाचा संपूर्ण अभ्यासक्रमच कित्येक आठवडे प्रवासात चालविला. वर सांगितलेल्या प्रश्नावलीवर त्या विद्यार्थ्यांची प्रगती वर्गात बसून शिकणाऱ्यांहून अधिक झाल्याचे २००७ साली प्रसिद्ध झाले.

मुलींच्या पालकांसाठी यात विशेष बोध आहे. आपली भीती हीसुद्धा नवखेपणाचाच एक प्रकार आहे. महाविद्यालयाने पालकांना आधी बोलावून स्थळ, निवास आणि सोबतच्या अध्यापिका यांची माहिती दिली असती, आणि मी ती स्वतः होऊन विचारली असती, तर माझ्या पुतणीचे एक वर्ष वाया गेले नसते.

आता वर्गातील अध्यापनाविषयी थोडक्यात. हार्वर्ड विद्यापीठातील पदार्थविज्ञानाचे प्राध्यापक एरिक माझूर यांनी १९९१ च्या सुमारास एक पद्धत सुरू केली. थोडा वेळ सांगावे, मग कल्पनेची पारख करणारा एक प्रश्न टाकावा. प्रत्येकाने आपले उत्तर द्यावे, मग शेजाऱ्याशी वाद घालावा आणि पुन्हा उत्तर द्यावे. डेव्हिड मॅककॉनेल व त्यांच्या सहकाऱ्यांनी हीच रीत भूविज्ञानाच्या वर्गांत वापरून २००६ साली तिचा वृत्तांत प्रसिद्ध केला. पुढे २०१४ साली स्कॉट फ्रीमन आदींनी विज्ञान, गणित व अभियांत्रिकी या विषयांतील २२५ अभ्यास एकत्र करून पाहिले. केवळ व्याख्यान देणाऱ्या वर्गांत अनुत्तीर्णांचे सरासरी प्रमाण सुमारे ३४ टक्के, तर विद्यार्थ्यांना विचार करावयास व बोलावयास लावणाऱ्या वर्गांत सुमारे २२ टक्के आढळले. शंभरांतील ही बारा मुले कोणाच्या तरी घरची असतात. आमच्या वर्गात शेजाऱ्याशी बोलणाऱ्याला बाकावर उभे करीत असत, आणि ते काम मीही निष्ठेने केले आहे!

कोणी म्हणेल, एवढा खटाटोप दगडांसाठी कशाला? आमच्या मुलांना नोकऱ्या हव्यात. त्याचे उत्तर आपल्याच गावांत आहे. आजही विहीर खणण्यापूर्वी आपण पाणाड्याला बोलावतो, आणि जमिनीखाली नदीसारखी पाण्याची धार वाहते असे मानतो. भूजल म्हणजे जमिनीखालची नदी किंवा तळे, ही समजूत युरोप-अमेरिकेतील विद्यार्थ्यांतही अभ्यासकांना आढळली आहे. आपल्या काळ्या कातळात पाणी साठते ते मुख्यतः झिजलेल्या थरांत, भेगांत आणि सच्छिद्र पट्ट्यांत. ते मोजके असते आणि शेजारच्या दहा विहिरींचे व कूपनलिकांचे मिळून एकच असते. ही गोष्ट ज्याला खरोखर समजली तो बोअर मारण्यापूर्वी थांबेल. ३० जुलै २०१४ रोजी पुणे जिल्ह्यातील माळीण गावावर डोंगर कोसळून दीडशेहून अधिक माणसे गेली. १९ जुलै २०२३ च्या रात्री रायगड जिल्ह्यात इर्शाळवाडीवर तोच प्रसंग आला. कोणता उतार धोक्याचा आहे, कोठे घरे बांधू नयेत, हे वेळीच सांगणारी माणसे आपल्याला हवी आहेत, आणि त्यांचे सांगणे समजून घेणारा गावकरीही हवा आहे. परीक्षेपुरते पाठ केलेले ज्ञान अशा प्रसंगी उपयोगी पडत नाही.

शेवटी मंडळापुढे एक नम्र विनंती. आपला गुणगौरव निधी पूर्वजांनी मोठ्या कष्टाने उभा केला आहे आणि तो चालू राहावा. परंतु त्यातून आपण केवळ गुणपत्रिका पाहून पारितोषिके देतो. ज्या विद्यार्थ्यांचे शिक्षण क्षेत्रभेटीवाचून पुरे होत नाही, मग तो भूविज्ञानाचा असो, वनस्पतिशास्त्राचा असो वा शेतकीचा, त्याला आणि विशेषतः तिला प्रवासखर्चासाठी साहाय्य देणारा एक लहानसा स्वतंत्र विभाग या निधीत असावा. परत आल्यावर त्या विद्यार्थ्याने याच सभागृहात येऊन आपण काय पाहिले ते आपल्या भाषेत सांगावे, एवढीच अट असावी. पुतणीचे जे आठ दिवस माझ्या सल्ल्याने बुडाले, त्यांचा खर्च त्या वेळी जेवढा होता, तेवढी रक्कम मी आज कोषाध्यक्षांच्या स्वाधीन करीत आहे. ती देणगी समजू नये. ते माझ्याकडचे येणे होते.

 जाताना आवारातील सुतळीच्या शेवटच्या टोकाशी क्षणभर अवश्य थांबा, आणि मुलांना काही सांगण्याआधी त्यांना काय दिसते ते विचारा.